मांडणशिल्प : महाराष्ट्रातील संस्था आणि प्रेक्षक

जागा, प्रकाश, ध्वनी, वस्तू आणि प्रतिमा यांच्या एकत्रित मांडणीतून घडणारी आणि प्रेक्षकाने त्यात वावरून अनुभवायची दृश्यकलाकृती म्हणजे मांडणशिल्प. ते बहुधा विशिष्ट जागेसाठी आणि ठरावीक मुदतीसाठी रचले जाते. त्यामुळे त्याची विक्री व जतन अवघड असते आणि जागा, वीज, मनुष्यबळ पुरवणाऱ्या संस्थेशिवाय ते उभे राहणे कठीण. मुदत संपल्यावर छायाचित्रे, आराखडे आणि फेरमांडणीच्या सूचना तेवढ्या उरतात.

भारतात हा प्रकार 1990 च्या दशकात रुजला. नलिनी मलानी यांनी 1992 मध्ये मुंबईच्या केमोल्ड कलादालनात थेट भिंतींवर चित्रे काढली आणि प्रदर्शनानंतर ती रंग देऊन पुसली. नाथद्वारा येथील भित्तिचित्रांच्या दुरवस्थेकडे लक्ष वेधणे हा त्यामागील हेतू होता. कृतीच विक्रीयोग्य नसल्याने कलादालनाच्या नेहमीच्या व्यवहारालाही तिने छेद दिला. 1998 च्या अणुचाचण्यांच्या पार्श्वभूमीवर मलानी यांनी फाळणीची आठवण जागवणारे मांडणशिल्प रचले. त्यात पत्र्याच्या ट्रंकांमध्ये चित्रफितींचे पडदे बसवले होते. 1999 मध्ये ते मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स वस्तुसंग्रहालयात मांडले गेले, तेव्हा कलादालनात सहसा न जाणारा प्रेक्षकही त्याच्यापर्यंत पोहोचला. जीर्णोद्धारानंतर मुंबईच्याच भाऊ दाजी लाड संग्रहालयाने सुदर्शन शेट्टी (2010) आणि जितिश कल्लट (2011) यांच्या कृती जुन्या संग्रहाच्या सान्निध्यात मांडल्या. 1999 मध्ये सुरू झालेल्या काळा घोडा कला महोत्सवाने हा प्रकार रस्त्यावर आणला.

मुंबईबाहेर, मराठवाड्यात मांडणशिल्पाच्या जवळचे प्रयोग जयंत्यांच्या निमित्ताने झाले. लातूर जिल्ह्यातील निलंगा परिसरात मंगेश निपाणीकर यांनी शेतात बियाणे पेरून छत्रपती शिवाजी महाराजांची विशाल प्रतिमा उगवून आणली. 2022 मध्ये लातूर शहरात हजारो वह्या रचून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची प्रतिमा साकारली गेली. या कृती काटेकोर अर्थाने मांडणशिल्पे नव्हेत. त्या प्रतिमाप्रधान असून उंचावरून पाहण्यासाठी केलेल्या आहेत. मात्र जागा, अल्पायुष्य आणि सामूहिक श्रम ही लक्षणे दोन्हींत समान आहेत. येथे यजमानपण कलादालनाऐवजी उत्सवाकडे असते आणि प्रेक्षक तिकीट काढून नव्हे, तर आदरभावाने येतो. कलाकाराला त्यातून मोठा समुदाय लाभतो, पण विषयाची निवड बहुतांशी प्रसंगच ठरवतो. प्रश्न विचारणाऱ्या मांडणशिल्पाला जिल्ह्याच्या ठिकाणी कायमस्वरूपी जागा मिळणे म्हणूनच आवश्यक आहे.