केकवरच्या गुलाबाची शिकवणी

नवशिक्यांसाठी केकसजावटीचा वर्ग कुठल्याही गावात असो, शेवटच्या एकदोन तासांत गुलाब येतोच. डाव्या हाताच्या चिमटीत चपट्या डोक्याचा मोठा खिळा असतो आणि त्याच्या डोक्यावर क्रीमच्या ठिपक्याने चिकटवलेला बटर पेपरचा चौकोनी तुकडा. उजव्या हातात पायपिंग बॅग आणि तिच्या टोकाला १०४ क्रमांकाचं नोझल. या नोझलचं तोंड एका बाजूला रुंद, दुसऱ्या बाजूला निमुळतं. रुंद बाजू खाली धरायची, निमुळती वर. आधी क्रीमचा उंच शंकू उभा करायचा आणि त्याच्या शेंड्याभोवती एक पट्टी गुंडाळून कळी करायची. मग पहिल्या फेरीत तीन पाकळ्या, दुसऱ्या फेरीत पाच, तिसऱ्या फेरीत सात. बॅगेचा हात जागच्या जागी वर-खाली कमान काढतो, गोल फिरायचं काम खिळा करतो.

तीन, पाच, सात हा हिशेब बागेतल्या गुलाबाने घालून दिलेला नाही. तो शिकवणाऱ्यांनी बसवला. भट्टीवर वर्षानुवर्षं उमेदवारी केल्याशिवाय जे हातात बसत नसे, ते मोजून सांगता येईल, घरी पाठ करता येईल आणि चुकलं तर कुठे चुकलं ते दाखवता येईल, अशा तुकड्यांत त्यांनी मांडलं. या कलेच्या इतिहासात मोठमोठे राजवाडी केक पुष्कळ आहेत. मला मात्र त्या सगळ्यांपेक्षा हा हिशेब जास्त मोलाचा वाटतो, कारण त्याच्यामुळे हे काम कुणालाही करता येऊ लागलं.

बायकांना घरी जाऊन शिकवण्याची पद्धत कल्पनेपेक्षा बरीच जुनी आहे. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात लंडनमध्ये एडवर्ड किडर नावाचा पेस्ट्रीमास्तर होता. आपल्या विद्यार्थ्यांसाठी त्याने पाककृतींचं पुस्तक काढलं, तेही छपाईचे खिळे न जुळवता तांब्याच्या पत्र्यावर अक्षरं कोरून. पुस्तकाच्या पहिल्या पानावरच त्याने वर्गाच्या जागा आणि वार दिले होते आणि ज्या स्त्रियांना यायला जमत नाही त्यांना त्यांच्या घरी येऊन शिकवलं जाईल असं कळवलं होतं. १७३९ मध्ये तो वारला तेव्हा त्याने जवळजवळ ६,००० स्त्रियांना शिकवल्याचं छापून आलं. त्याची सजावट मुख्यतः ‘पाय’ (pie) या पदार्थाच्या कणकेवरची होती, पांढऱ्या साखरेचं युग अजून यायचं होतं.

ते आणण्यात एलिझाबेथ रॅफल्डचा वाटा मोठा आहे. चेशायरमधल्या एका मोठ्या घराची कारभारीण म्हणून काम केल्यावर तिने मँचेस्टरला मिठाईचं दुकान काढलं आणि १७६९ मध्ये आपलं पुस्तक छापलं. त्यात लग्नाच्या केकवर आधी बदामाचा थर आणि त्यावर अंड्याच्या पांढऱ्यात फेटलेल्या साखरेचा थर अशी जोडी आहे. आजही इंग्लंडातल्या आणि आपल्याकडे गोव्यातल्या लग्नाच्या केकमध्ये हीच रचना दिसते. फरक इतकाच की गोव्यात बदामाच्या जागी काजू आले, आणि ईस्टरला साच्यांतून निघणारं काजूचं मार्झिपान तर कित्येक कॅथलिक घरांत अजून हाताने होतं.

अंड्याचा पांढरा आणि बारीक साखर यांचं हे मिश्रण, म्हणजे रॉयल आयसिंग, वाळलं की दगडासारखं घट्ट होतं. त्यामुळे त्यातून बारीक जाळी, झालरी, कमानी उभ्या करता येतात. १८४० मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या लग्नाचा केक ३०० पौंडांचा, म्हणजे सुमारे १३६ किलोंचा होता. १८५८ मध्ये तिच्या थोरल्या मुलीच्या लग्नात मनोरा आणखी वर गेला, पण त्यातला बराचसा भाग नुसत्या साखरेचा होता. सगळे मजले खऱ्या केकचे असलेला मनोरा राजघराण्यात आला तो १८८२ मध्ये, राजपुत्र लिओपोल्डच्या लग्नात. एवढं वजन उभं ठेवायचं तर कारागीर पिढीजात हवा. आणि हे कारागीर पुरुष होते, भट्टीवर उमेदवारी करून तयार झालेले. लंडनमध्ये १८९४ मध्ये सुरू झालेली नॅशनल बेकरी स्कूलही याच धंद्यातल्या लोकांसाठी होती.

याच काळात लंडनमध्ये अ‍ॅग्नेस मार्शल यांनी वेगळी वाट धरली. १८८३ मध्ये त्यांनी स्वयंपाकाची शाळा काढली आणि शाळेला लागून सामानाचं दुकानही चालवलं. त्यात साचे, आयसिंगच्या पिशव्या, त्यांच्या टोकाच्या नळ्या, स्वतःच्या नावाची साखर, सगळं मिळे. शिकवणी आणि साहित्य एकाच छताखाली, ही जोडगोळी पुढे कधी तुटली नाही. आज क्लासच्या जाहिरातीत ‘नोट्स आणि नोझल सेटसह’ असं लिहिलेलं असतं, त्याचं मूळ तिथे आहे. यात केवळ धंदा पाहणारे लोक आहेत, पण मला ते पटत नाही. हातात तेच नोझल असेल तरच शिकवलेली पाकळी घरी निघते. न्यूयॉर्कमधल्या ऑगस्ट थॉमसन यांच्या १९०५ च्या कंपनीसारख्या कारखान्यांनी नोझलवर क्रमांक टाकले, तेव्हा शिकवणाऱ्याला ‘असं काहीतरी चपट्या तोंडाचं’ म्हणायची गरज उरली नाही. १०४ म्हटलं की झालं.

आजच्या वर्गाचा थेट पूर्वज मात्र शिकागोचा आहे. ड्यूई मॅकिन्ली विल्टन हा मिठाईवाला साखर ओढून तिच्या फिती आणि फुलं करण्यात तरबेज होता. १९२९ मध्ये त्याने आपल्या घरी वर्ग सुरू केला. सुरुवातीला येणारे लोक हॉटेलं, क्लब आणि केटरर यांच्याकडचे आचारी होते, गृहिणी नव्हत्या. पण धंद्यातल्या मोठ्या माणसांना थोड्या दिवसांत शिकवायचं म्हणजे उमेदवारीचा रस्ता बंद. त्यामुळे सगळं काम तीन गोष्टींवर आणून ठेवावं लागलं: आयसिंगचा घट्टपणा, बॅगेचा कोन आणि हाताचा दाब.

हे तीन शब्द आज प्रत्येक वर्गात पहिल्या दिवशी ऐकू येतात, आणि त्यांच्यात खरोखर सगळं आहे. गुलाबाला आयसिंग घट्ट लागतं, नाहीतर पाकळी स्वतःच्या वजनाने लोळते. चांदण्या आणि कडेच्या शिंपल्यांना मध्यम. अक्षरं आणि पानं यांना पातळ, नाहीतर ओळ मध्येच तुटते. चांदणी काढताना बॅग सरळ उभी, ९० अंशांत. शिंपला आणि अक्षरं काढताना ४५ अंशांत कललेली. आणि दाब आधी थांबवायचा, मग बॅग उचलायची. उलट केलं की चांदणीला शेपूट येतं. ज्यांनी लहानपणी मेंदीचे कोन हाताळले आहेत त्यांना हे शेपूट चांगलंच ओळखीचं असतं, म्हणूनच आपल्याकडच्या बायका अक्षरं आणि वेलबुट्टीत फार लवकर तयार होतात. अडतं ते फुलांशी, कारण मेंदीला उंची नसते.

शिकागोतल्या पद्धतीला आणखी एका गोष्टीची साथ होती: आयसिंग स्वतःच बदललं होतं. १९११ मध्ये अमेरिकेत क्रिस्को हे सरकीच्या तेलापासून केलेलं घट्ट वनस्पती तूप बाजारात आलं. लोण्याचं आयसिंग हाताच्या उबेने सैल होतं. या तुपाचं आयसिंग बॅगेत बराच वेळ टिकतं, आणि रॉयल आयसिंगसारखं वाळूनही जात नाही. फसलेला गुलाब खरवडून परत बॅगेत भरता येतो. चवीला ते लोण्याच्या जवळपासही येत नाही, पण शिकणाऱ्यासाठी त्याहून चांगला माल नाही.

विल्टनच्या वर्गाच्याच सुमाराला जोसेफ लॅम्बेथ यांचं जाडजूड पुस्तक १९३४ मध्ये आलं. त्यांची रीत इंग्लिश वळणाची होती: एक रेघ वाळू द्यायची, तिच्यावर दुसरी बारीक, तिच्यावर तिसरी, अशी थरावर थर झालर. पुन्हा लांबलचक कसबाचं काम. गेल्या काही वर्षांत ‘विंटेज केक’ म्हणून जी भरगच्च झालरींची फॅशन आली आहे, ती लॅम्बेथचीच, फक्त बटरक्रीममध्ये केलेली.

गृहिणी या गोष्टीत शिरल्या त्या डब्यातल्या केकमुळे. पिट्सबर्गच्या पी. डफ अँड सन्सकडे मळीचा साठा पडून होता. ती मळी वाळवून पिठात मिसळली आणि नुसतं पाणी घालून केक होईल असं मिश्रण त्यांनी काढलं; त्याचं पेटंट १९३३ चं आहे. १९३५ च्या दुसऱ्या पेटंटमध्ये अंडं पुन्हा गृहिणीच्या हातात दिलं, कारण ताजं अंडं स्वतः फोडून घालणं तिला आवडतं असं दिसून आलं होतं. अर्नेस्ट डिख्टर या मानसशास्त्रज्ञाने पन्नासच्या दशकात अंड्याची युक्ती सुचवून हा माल वाचवला, ही लोकप्रिय गोष्ट त्यामुळे कालक्रमातच बसत नाही. खाद्य-इतिहासकार लॉरा शपिरो यांनी या काळाचा कसून अभ्यास केला आहे, आणि त्यांनी दाखवलेली खरी कलाटणी वेगळी आहे. मिश्रण डब्यातून आल्यावर बाईचं कसब केकच्या आतून उठून वर आयसिंगवर आलं. कंपन्याही तिला तिकडेच बोलावू लागल्या: केक आमचा, सजावट तुमची. १९५४ मध्ये विल्टन बापलेकांनी काढलेल्या जाड सचित्र ग्रंथाच्या नावातच ‘होममेकर्स’ आलं. वर्गाचा दरवाजा आचाऱ्यांकडून गृहिणींकडे उघडला तो इथे. १९७३ मध्ये तर पिठाचा धंदा करणाऱ्या पिल्सबरीनेच विल्टन कंपनी विकत घेतली.

आपल्याकडे केक आला तो बिनसजावटीचा. मुंबईत ग्रँट रोडला १९१४ मध्ये निघालेल्या मेरवान बेकरीचा मावा केक किंवा पुण्यातल्या कयानी बेकरीचा केक चहाबरोबर खायचा, त्याच्यावर फूल नाही की नाव नाही. फुलांचा केक दुकानातून आणायचा. त्यावरचे कडक, लालगुलाबी गुलाब आणि त्यांचा टाळूला चिकटणारा तुपकटपणा चाळिशी ओलांडलेल्या कुणालाही आठवेल. घरी गोल अ‍ॅल्युमिनियमच्या ओव्हनमध्ये नाहीतर शिट्टी काढलेल्या कुकरमध्ये केक होई, पण वर फार तर चेरी किंवा बदामाचे काप. एप्रिल-मेमध्ये लोणी टेबलावर ठेवलं तर तासाभरात त्याचं तेल होतं, तिथे बटरक्रीमचा गुलाब उभा राहणार कसा?

हा पेच ज्या वस्तूने सोडवला तीही अमेरिकेतली, बफेलो शहरातली. दुसऱ्या महायुद्धात दुधाच्या मलईची टंचाई असताना रॉबर्ट रिच यांनी सोयाबीनपासून फेटता येणारी पर्यायी क्रीम तयार केली. १९४५ मध्ये नमुना दाखवायला रेल्वेने नेताना तो गार राहावा म्हणून त्याभोवती कोरडा बर्फ लावला, आणि क्रीम गोठून गेली. गोठलेली ती तशीच फेटली तर छान फुलली. दुधाच्या मलईला हे जमत नाही. गोठवून लांब पाठवता येणारी ही व्हिप क्रीम पुढे भारतात आली आणि आपल्या घरगुती केकची जातच बदलली. आपण तिला ‘फ्रेश क्रीम’ म्हणतो, पण तिचा आधार वनस्पती तेलाचा आहे.

तिच्याबरोबर अंड्याचाही प्रश्न सुटत गेला. वाढदिवसाला सगळ्या नातेवाइकांनी खायचा केक बिनअंड्याचा हवा, हा आपला हट्ट. आधी तो कंडेन्स्ड मिल्कने भागवला, आता प्रीमिक्सने. पिट्सबर्गमध्ये झालं तेच इथे झालं: स्पंज सोपा झाला आणि शिकण्यासारखं सगळं टर्नटेबलवर येऊन थांबलं. क्रम्ब कोट म्हणजे चुरा धरून ठेवणारा क्रीमचा पातळ थर, पॅलेट नाइफने कड धारदार करणं, मग नोझल. २०२० च्या टाळेबंदीत दुकानं बंद असताना घरोघरी अर्ध्या किलोचे केक करून विकणाऱ्या बायका उभ्या राहिल्या, त्या याच तयारीवर.

व्हिप क्रीमने गुलाबाचे नियम थोडे बदलले. क्रीम फ्रीझरमधून आदल्या रात्री खालच्या कप्प्यात आणायची, अजून बर्फाचे कण लागत असताना फेटायला घ्यायची, भांडंही गार हवं. जास्त फेटली की दाणेदार होते आणि पाकळीच्या कडा फाटतात. दमट हवेत ती बॅगेत पाणी सोडते, म्हणून बॅग अर्धीच भरायची. फूल खिळ्यावरून कागदासकट उचलून फ्रीझरमध्ये घट्ट करायचं आणि मगच केकवर बसवायचं. अमेरिकन पुस्तकात यातलं बरंचसं सापडणार नाही. हे मुंबई, पुणे, नागपूरच्या वर्गांत बायकांनी स्वतः शोधलेलं आणि एकमेकींना सांगितलेलं शास्त्र आहे, आणि ते कुणीतरी नीट लिहून ठेवायला हवं.

जुन्या रॉयल आयसिंगलाही आपल्याकडे नवा फाटा फुटला आहे. ब्रिटिश राजघराण्याच्या केकांवर काम केलेले एडी स्पेन्स यांच्याकडे शिकलेल्या पुण्याच्या प्राची धबल देब यांनी त्यातलं अंडं काढून पूर्ण शाकाहारी आयसिंग घडवलं आणि २०२२ मध्ये त्यातून मिलानच्या कॅथेड्रलवर बेतलेली १०० किलोंची वास्तू उभी केली. रॅफल्डच्या पुस्तकातल्या अंड्याच्या पांढऱ्यापासून इथवर अडीचशे वर्षं लागली.

आता बाजारात ‘रशियन’ नोझल मिळतात. एकदा दाबलं की अख्खं फूल बाहेर पडतं. ऑर्डरींची घाई असेल तर ती वापरायला हरकत नाही, छोट्या फुलांचे गुच्छ त्यांनी सुरेख होतात. पण त्यातून निघालेलं प्रत्येक फूल सारखंच उमललेलं असतं. अर्धमिटी कळी किंवा कडेला ओठंगलेली मोठी पाकळी हवी असेल तर १०४ आणि खिळाच लागतो, आणि पहिले पुष्कळ गुलाब उलट्या स्टीलच्या ताटावर काढून खरवडून टाकावे लागतात.