बुलढाणा जिल्ह्यांतील तारेचे खांब व त्यांवरील हक्काचा प्रश्न

वऱ्हाडच्या इतिहासाचीं साधनें म्हटलीं म्हणजे सनदा, महजर, ताम्रपट व देशमुख-देशपांड्यांचीं दप्तरें डोळ्यांपुढें येतात, व तें योग्यच आहे. परंतु गेल्या दीडशें वर्षांत ज्या वस्तूच्या आधारानें या प्रांताचा व्यापार व राज्यकारभार बदलला, तिचा कागद आमच्या संग्राहकांनीं क्वचितच जपला आहे. ती वस्तु म्हणजे रस्त्याच्या कडेचा तारेचा खांब. आज प्रकाशतंतूची केबल, जिला लोक नुसतें 'फायबर' म्हणतात, विजेच्या खांबांवरून घरोघर नेण्याचा उद्योग चालू आहे व त्यांत अडचणी येत आहेत. या अडचणी नव्या भासतात. त्यांचें मूळ मात्र जुनें आहे. नैयायिकांच्या परिभाषेंत बोलावयाचें तर तार ही आधेय व खांब हा आधार. इतिहासकारांचें लक्ष आधेयाकडे गेलें. तंटे मात्र बहुधा आधाराविषयींच झाले. एवढेंच या लेखांत दाखवावयाचें आहे.

हिंदुस्थानांत विद्युत्तारेचा पहिला मोठा प्रयोग डॉ. ओ'शॉनेसी यांनीं १८३९ सालीं कलकत्त्यास केला. पुढें लॉर्ड डलहौसी यांच्या कारकीर्दींत कलकत्ता, आग्रा, मुंबई व मद्रास हीं शहरें तारेनें जोडलीं गेलीं आणि १८५४ त तारेविषयीं पहिला कायदा झाला. विलायतेंतील बारीक तार येथें चालणार नाहीं हें ओ'शॉनेसी यांनीं प्रारंभींच ओळखलें होतें. माकडें व मोठे पक्षी तारेवर बसतात, लांकडी खांब वाळवी खाते, वादळानें ते उन्मळतात. म्हणून त्यांनीं जाड लोखंडी तार पत्करली. तारेची चिंता करतांना आधाराचीच चिंता अधिक करावी लागली, असा हा पहिला दाखला.

याच सुमारास, १८५३ च्या तहानें, निजामाकडील वऱ्हाड कंपनीच्या कारभाराखालीं आलें. १८६१ ते १८६५ पर्यंत अमेरिकेंत यादवी माजून तिकडचा कापूस थांबला, आणि पूर्णेच्या खोऱ्यांतील काळ्या जमिनीवर इंग्रज व्यापाऱ्यांची दृष्टि खिळली. जी.आय.पी. रेल्वे मलकापूर, नांदुरा, शेगांव या मार्गानें जाऊन १८६७ त नागपुरास पोंचली. १८७० च्या मार्चमध्यें जलंब-खामगांव फांटा व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्तें खुला झाला. खामगांव तेव्हां अकोला जिल्ह्यांत होतें. तें बुलढाण्यास १९०५ त जोडलें गेलें. त्याच १८७० च्या जूनमध्यें मुंबई व इंग्लंड यांमधील समुद्रांतील तार पुरी झाली. दोन गोष्टी तीन महिन्यांच्या अंतरानें घडल्या, आणि लिव्हरपूलचा भाव खामगांवच्या अडत्यास लवकर कळूं लागला. तार गेली ती कापसाच्या व रुळांच्या मागोमाग. घाटाखालील पट्टयास तिचा लाभ प्रथम झाला. चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगांवराजा या घाटावरील मुलखास रेल्वे अद्याप मिळालेली नाहीं. हा भेद पुढें उपयोगी पडणार आहे, म्हणून वाचकांनीं तो ध्यानांत ठेवावा.

आतां हक्काचा विचार करूं. १८८५ च्या तेराव्या कायद्याचें दहावें कलम या विषयाची जणू सनदच होय. त्या अन्वयें तारखात्यास कोणाच्याहि स्थावर मिळकतींत खांब पुरण्याचा व तिच्यावरून तार नेण्याचा अधिकार मिळाला. परंतु मालकी मिळाली नाहीं, केवळ उपयोगाचा हक्क मिळाला. होतां होईल तों नुकसान कमी करावें, झालेल्या नुकसानीची पूर्ण भरपाई द्यावी, आणि जागा स्थानिक संस्थेच्या ताब्यांतील असल्यास तिची परवानगी घ्यावी, अशा अटी घातल्या. मालकानें अडथळा केल्यास जिल्हा मॅजिस्ट्रेटनें हुकूम द्यावा व भरपाईचा तंटा जिल्हा न्यायाधीशानें तोडावा. जमीन रयतेची, खांब सरकारचा, तारहि सरकारचीच, अशी ही सरळ मांडणी होती. आधार व आधेय यांचा धनी एकच असल्यामुळें त्या दोहोंमध्यें तंटा संभवत नव्हता.

वऱ्हाडांत मात्र यास एक पीळ होता. हा प्रांत नांवानें निजामाचा असल्यामुळें ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे येथें आपोआप चालत नसत. गव्हर्नर जनरलच्या हुकुमानें ते लागू करावे लागत. १९०३ पूर्वीं कारभार हैदराबादच्या रेसिडेंटाकडे होता, नंतर तो नागपुराकडे गेला, आणि १९५६ त जिल्हा मुंबई राज्यांत आला. यामुळें एकाच रस्त्यावरील खांबांचे कागद हैदराबाद, अमरावती, नागपूर, मुंबई व दिल्ली असे विखुरले जाणें स्वाभाविक होतें. संशोधकानें शोध घेतांना हा क्रम विसरूं नये.

दुसरें स्थित्यंतर विजेचें. १९१० च्या वीज कायद्याच्या ५१ व्या कलमानें तारखात्याचे तेच अधिकार वीज पुरविणारास देण्याची सोय केली, व २००३ च्या कायद्याच्या १६४ व्या कलमांत ती कायम राहिली. म्हणजे शिवारांत उभा असलेला विजेचा खांब हा कायद्याच्या वंशावळींत तारेच्या खांबाचा दत्तक पुत्र होय. पुढें तारसेवा १५ जुलै २०१३ रोजीं बंद झाली. पिता गेला, दत्तक राहिला, आणि आतां पित्याच्या कुळांतील नवी तार त्याच्याच खांद्यावर बसण्याची परवानगी मागत आहे.

ती खांबावरच कां मागते? जमिनीखालून जाणें अधिक टिकाऊ खरें. पण घाटाखालील काळी जमीन पावसांत फुगते व उन्हाळ्यांत भेगाळते. घाटावर थोडें खणतांच काळा पाषाण लागतो. ज्ञानगंगा व अंबाबरवा यांसारख्या अभयारण्यांतून चर खणावयाचा तर वनखात्याची परवानगी निराळी. २०११ त मंजूर झालेल्या योजनेंत, जी पुढें 'भारतनेट' म्हणून प्रसिद्ध झाली, केबल ग्रामपंचायतीपर्यंत नेण्याचा संकल्प होता. परंतु पंचायतीच्या कपाटापासून रहिवाशाच्या घरापर्यंतचें अंतर उरतेंच. गावठाणांत घरें दाट असतात, तेथें एका खांबावरून अनेक घरें जोडतां येतात; शेतवस्तीवर एका घरासाठीं अनेक खांब ओलांडावे लागतात. अशा स्थितींत उभा खांब सोडून नवा चर कोण खणील? आंध्र प्रदेशानें आपलें फायबरचें जाळें मुख्यतः विजेच्या खांबांवरूनच नेलें. केरळानें वीज मंडळासच भागीदार करून जून २०२३ मध्यें 'के-फोन' सुरू केलें.

परंतु येथेंच जुनी सरळ मांडणी मोडते. जमीन एकाची, खांब दुसऱ्याचा, केबल तिसऱ्याची, आणि एकाच खांबावर अशा तिसऱ्यांची संख्या चार-पांच. खांब रोंवतांना त्यावर किती ओझें पडेल याचा हिशेब विजेच्या तारांपुरता केलेला असतो. केबल विजेच्या तारांच्या खालीं ठराविक अंतरावर असावी लागते; फार खालीं आल्यास कडब्याची किंवा कापसाची भरलेली गाडी तिला ओढून नेते. केबलींत धातु नसला तर विजेचा धोका कमी होतो, पण नाहींसा होत नाहीं. कारण चढणारा मनुष्य हाडामांसाचाच असतो. रस्ता रुंद करतांना खांब हलविला तर केबल कोणी, किती दिवसांत व कोणाच्या खर्चानें हलवावी? बेवारशी लोंबणारी जुनी केबल कोणी काढावी? कललेला खांब पडून माणूस दगावला तर उत्तरदायी कोण?

२०१६ च्या मार्गाधिकाराच्या नियमांत २०२२ त दुरुस्ती होऊन रस्त्याच्या कडेचे खांब वापरण्याची वाट मोकळी केली गेली. २०२३ च्या दूरसंचार कायद्यानें दूरसंचाराचें जाळें ज्या मिळकतीवर उभारलें असेल तिजपासून तें पृथक् मानलें, आणि २०२४ चे नवे नियम १ जानेवारी २०२५ पासून अंमलांत आले. आधेय आधाराहून निराळें, हा सिद्धांत कायद्यानें मान्य केला हें उत्तम झालें. तथापि कोणत्या खांबावर कोणाचें काय आहे याची नोंद गांवोगांव नसेल, तर तो सिद्धांत कागदावरच राहील. पूर्वीं जमिनीच्या हक्काचा तंटा महजरानें तुटे, कारण साक्षी व शिक्के यांची नोंद असे. खांबाचा तंटाहि तसाच तुटेल. प्रत्येक खांबाचा क्रमांक, रोंवल्याचें वर्ष, त्यावरील केबली व त्यांचे धनी यांची नोंदवही तालुक्यास असणें, ही आमच्या मतें पहिली गरज आहे. ती नसेल तर सोयीचे, दाट वस्तीचे, घाटाखालील खांब आधीं भरतील आणि घाटावरील वस्त्या रेल्वेप्रमाणें याहि बाबतींत वाट पाहत राहतील. तेथील विद्यार्थ्यास परीक्षेचा अर्ज भरण्यासाठीं आणि शेतकऱ्यास बाजारभाव पाहण्यासाठीं तालुक्याचें गांव गांठावें लागेल.

आमची संग्राहक मंडळींस विनंति आहे. जुन्या घरांत खांब रोंवल्याबद्दलच्या भरपाईच्या पावत्या, झाड तोडण्याच्या नोटिसा, ग्रामपंचायतींचे परवानगीचे ठराव, किंवा अडत्यांच्या भावाच्या तारा सांपडल्यास त्या रद्दींत घालूं नयेत. तारीख, गांव व खांबाचा क्रमांक यांसह त्यांची नक्कल तरी मंडळाकडे धाडावी. खांब गंजतात व बदलले जातात. हक्काचा पुरावा कागदांतच उरतो.