डुलालीचा ताप

शनिवारी मित्रांबरोबर मुळशीला गेलो होतो. भजी भरपूर मिळाली, ताजी क्राफ्ट बिअर काही सापडली नाही. (गाडी मीच चालवत होतो, म्हणून बरंच झालं!) असो. परतताना विषय निघाला डुलालीचा. २००९ साली पुण्यात सुरू झालेली ही मायक्रोब्रुअरी, देशातल्या अगदी सुरुवातीच्यांपैकी. पण नावाचं मूळ नाशिकजवळच्या देवळालीत! तिथल्या छावणीत मुदत संपलेले ब्रिटिश सैनिक मायदेशच्या जहाजाची वाट बघत महिनोन्महिने पडून असायचे. काम शून्य, उकाडा, मलेरिया, दारू. काहींची डोकीच फिरली. त्याला नाव पडलं 'डुलाली टॅप'. हा टॅप बिअरचा नळ नव्हे, आपला ताप!

मीही सध्या बेंचवर. ऑनसाइटच्या व्हिसाची वाट बघतोय, पाचवा महिना. आई रोज विचारते, "कधी रे जाणार?" त्या सोल्जरांना निदान हे विचारणारं कोणी नव्हतं.