अरुण कोलटकर

अरुण बालकृष्ण कोलटकर (१ नोव्हेंबर १९३१, कोल्हापूर – २५ सप्टेंबर २००४, पुणे) हे मराठी व इंग्रजी या दोन्ही भाषांत लेखन करणारे कवी, उपयोजित चित्रकार आणि जाहिरात क्षेत्रातील कलादिग्दर्शक होते. काही नोंदींत त्यांचे जन्मवर्ष १९३२ असे दिलेले आढळते. ‘जेजुरी’ या इंग्रजी काव्यसंग्रहासाठी त्यांना १९७७ मध्ये राष्ट्रकुल काव्य पुरस्कार मिळाला, तर ‘भिजकी वही’ या मराठी संग्रहास २००५ मध्ये मरणोत्तर साहित्य अकादमी पुरस्कार देण्यात आला. जाहिराती, चित्रपट, ब्लूज संगीत, रहस्यकथा, शाहिरी कविता, भजन आणि रस्त्यावरची बोली या सर्वांना त्यांनी संतकाव्य व जागतिक कवितेच्या बरोबरीने आपल्या लेखनात स्थान दिले. लोकप्रिय संस्कृतीकडे पाहण्याची ही दृष्टी दक्षिण व मध्य मुंबईतील त्यांच्या वास्तव्यात घडली.

जीवन आणि शिक्षण

कोलटकरांचे बालपण कोल्हापुरात गेले. त्यांचे वडील शिक्षण खात्यात नोकरीस होते. शालेय शिक्षण राजाराम हायस्कूलमध्ये मराठी माध्यमातून झाले. चित्रकलेच्या ओढीने ते मुंबईस आले व सर ज. जी. कलाशाळेत दाखल झाले. हे शिक्षण मध्ये खंडित झाले आणि त्यांनी पदविका १९५७ मध्ये पूर्ण केली. मुंबईतील सुरुवातीची वर्षे आर्थिक ओढाताणीची होती. या काळात फोर्ट भागातील रॅम्पार्ट रो हा तरुण चित्रकारांच्या वावराचा परिसर होता. आर्टिस्ट्स एड फंड सेंटर ही संस्था तेथेच होती. याच परिसरावर कोलटकरांनी पुढे आपला अखेरचा मोठा इंग्रजी काव्यसंग्रह लिहिला.

नंतरच्या काळात ते पत्नी सूनू यांच्यासह प्रभादेवी येथे एका लहान घरात राहत. घरी दूरध्वनी नव्हता. मुलाखती, सभा-संमेलने आणि प्रसिद्धी यांपासून ते कटाक्षाने दूर राहिले.

जाहिरात क्षेत्र आणि उपयोजित कला

कोलटकरांनी उपजीविकेसाठी जाहिरात व्यवसाय पत्करला. अजंता ॲडव्हर्टायझिंग आणि पुढे कर्सी कात्रक यांची मास कम्युनिकेशन अँड मार्केटिंग या संस्थांत त्यांनी काम केले. मुंबईतील उत्तम कलादिग्दर्शकांत त्यांची गणना होत असे. कमर्शियल आर्टिस्ट्स गिल्ड (आताचे कम्युनिकेशन आर्ट्स गिल्ड) या संस्थेचा पुरस्कार त्यांना सहा वेळा मिळाला आणि संस्थेच्या सन्माननीयांच्या यादीतही त्यांचा समावेश झाला.

चित्रकाराची नजर आणि जाहिरातकाराची भाषा या दोन्हींचा उपयोग त्यांनी कवितेत केला. ‘जेजुरी’तील ‘यशवंत राव’ या कवितेतील निवेदक एका देवाची शिफारस करतो. दुकानदाराने गिऱ्हाइकाला मालाचे गुण सांगावेत, तसा त्याचा स्वर आहे. याच संग्रहात जेजुरी आणि रेल्वे स्थानक यांच्या दरम्यान दिसणाऱ्या कोंबड्यांच्या नाचाचे वर्णन येते. तेथे अक्षरे ओळीत न मांडता कागदावर वर-खाली उडालेली दाखवली आहेत, त्यामुळे वाचकाला नाच आधी डोळ्यांना दिसतो. ‘तक्ता’ या मराठी कवितेचा आधार शाळेच्या भिंतीवरील सचित्र अक्षरतक्ता हा आहे. तक्त्यावर आपापल्या चौकोनात बसवलेली माणसे, प्राणी आणि वस्तू त्या चौकटी ओलांडू लागल्या तर काय होईल, अशी कल्पना या कवितेत आहे. घरोघरी परिचित असलेली छापील वस्तू कवितेचा विषय होऊ शकते, हे या कवितेने दाखवून दिले.

पुस्तकांची निर्मिती हाही त्यांच्या कलाकार्याचा भाग होता. १९७६ मध्ये आदिल जस्सावाला, अरविंद कृष्ण मेहरोत्रा आणि गीव पटेल या कवींसह त्यांनी ‘क्लिअरिंग हाउस’ ही सहकारी तत्त्वावरील प्रकाशन संस्था सुरू केली. संस्थेच्या पहिल्या चार पुस्तकांत ‘जेजुरी’चा समावेश होता आणि या पुस्तकांची रचना कोलटकरांनी केली होती.

लघुनियतकालिके आणि मराठी कविता

१९५० च्या दशकाच्या मध्यास रमेश समर्थ, दिलीप चित्रे व इतर तरुण लेखकांनी ‘शब्द’ हे चक्रमुद्रित नियतकालिक चालवले. कोलटकर या गटात होते. ‘शब्द’ हे मराठीतील लघुनियतकालिकांच्या चळवळीचे पूर्वरूप मानले जाते. त्या काळी मराठी साहित्यातील प्रतिष्ठेचे केंद्र गिरगावातील खटाववाडी हे होते. ‘मौज’ आणि ‘सत्यकथा’ तेथून निघत. १९६० च्या दशकात अशोक शहाणे, राजा ढाले, भालचंद्र नेमाडे आदी लेखकांनी प्रस्थापित मासिकांना पर्याय म्हणून स्वतःची अनियतकालिके काढली. १९६९ मध्ये ढाले व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सत्यकथा’च्या अंकाची होळी केली. कोणती भाषा आणि कोणाचे अनुभव साहित्य म्हणून गणले जावेत, हा या वादाचा गाभा होता. कोलटकरांनी या वादात जाहीरनामे लिहिले नाहीत. त्यांचे उत्तर त्यांच्या कवितेच्या भाषेत आढळते.

त्यांचा पहिला मराठी संग्रह ‘अरुण कोलटकरच्या कविता’ अशोक शहाणे यांच्या प्रास प्रकाशनाने १९७७ मध्ये प्रसिद्ध केला. अतिवास्तववादी प्रतिमा, काळा विनोद, गुन्हेगारी जगातील शब्द आणि संतकाव्याचे संस्कार यांचे मिश्रण हे या कवितांचे वैशिष्ट्य आहे.

मुंबईच्या हिंदीतील कविता

मुंबईतील कामगार, टॅक्सीचालक, हॉटेलातील पोरे आणि फेरीवाले परस्परांशी ज्या मिश्र हिंदीत बोलतात, तिला ‘बंबईया’ हिंदी म्हटले जाते. मराठी, गुजराती, कोकणी, उर्दू आणि इंग्रजी यांच्या संपर्कातून घडलेली ही बोली चित्रपटांतून देशभर परिचित झाली. मात्र गंभीर साहित्यात तिला फारसे स्थान नव्हते. कोलटकरांनी या बोलीत काही कविता लिहिल्या व त्यांचा समावेश आपल्या मराठी संग्रहात केला. थकलेला पगार मागणाऱ्या एका मनुष्याचे स्वगत हे त्यांचे सर्वांत परिचित उदाहरण आहे. तिचे इंग्रजी रूपांतर ‘थ्री कप्स ऑफ टी’ या नावाने ओळखले जाते. त्यात त्यांनी प्रमाण इंग्रजी न वापरता अमेरिकन गुन्हेगारीपटांतील पात्रांच्या बोलण्याची ढब आणली. मूळ बोलीला दुसऱ्या भाषेतील समकक्ष बोलीचाच पर्याय द्यावा, ही अनुवादाची भूमिका त्यातून स्पष्ट होते. तुकारामांच्या अभंगांचे त्यांनी केलेले इंग्रजी अनुवादही याच कारणास्तव बोलभाषेच्या जवळ जाणारे आहेत.

जेजुरी

१९६० च्या दशकाच्या पूर्वार्धात कोलटकर आपले बंधू मकरंद आणि कवी मनोहर ओक यांच्यासह पुणे जिल्ह्यातील जेजुरी येथे गेले होते. खंडोबा हे महाराष्ट्रातील अनेक जातिसमूहांचे कुलदैवत असून जेजुरी हे त्याचे प्रमुख क्षेत्र आहे. या भेटीवर आधारित इंग्रजी कविता १९७४ मध्ये ‘ओपिनियन लिटररी क्वार्टर्ली’ या नियतकालिकात आणि १९७६ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाल्या. एस.टी.च्या प्रवासाने सुरू होणारा ३१ कवितांचा हा क्रम रेल्वे स्थानकावर संपतो. पुजारी, भिकारी म्हातारी, पडके देऊळ, दगडाचे देव आणि फुलपाखरू यांच्याकडे कवी सारख्याच बारकाईने पाहतो. श्रद्धा वा अश्रद्धा यांपैकी कोणतीही बाजू तो उघडपणे घेत नाही.

संगीत

कोलटकरांनी अर्जुन शेजवळ यांच्याकडे पखवाजाचे शिक्षण घेतले. बलवंतबुवा या भजनगायकाशी त्यांची दीर्घकाळ मैत्री होती. बुवांनी सांगितलेल्या आठवणींवर त्यांनी विस्तृत गद्यलेखन केले आणि ‘चिरीमिरी’ (२००३) या संग्रहातील कवितांनाही याच आठवणींचा आधार आहे. १९७० च्या दशकाच्या आरंभी त्यांनी अमेरिकन ब्लूज व लोकसंगीताच्या धर्तीवर इंग्रजी गीते रचली आणि १९७३ च्या सुमारास त्यांतील काही ध्वनिमुद्रितही केली. ही गीते त्यांच्या हयातीत बाजारात आली नाहीत. ‘द बोटराइड अँड अदर पोएम्स’ या मरणोत्तर संग्रहात त्यांतील अनेक गीते समाविष्ट आहेत.

भजन आणि ब्लूज या दोन परंपरांत त्यांना साम्य दिसत होते, असे त्यांच्या लेखनावरून म्हणता येते. दोन्ही परंपरा समाजाच्या तळातील माणसांनी घडवल्या व तोंडी जपल्या. दोन्हींत गाणारा स्वतःचे नाव गीतात गुंफतो, देवाशी वा नशिबाशी भांडतो आणि दुःखातही विनोद सोडत नाही.

लोकप्रिय संस्कृतीविषयक दृष्टी

कोलटकरांनी लोकप्रिय संस्कृतीवर स्वतंत्र सैद्धांतिक लेखन केले नाही. तथापि कवयित्री युनिस डिसूझा यांना दिलेल्या एका मुलाखतीत आवडत्या कवी-लेखकांविषयीच्या प्रश्नाला त्यांनी दिलेले उत्तर या संदर्भात वारंवार उद्धृत केले जाते. प्रश्नाचे उत्तर म्हणून त्यांनी नावांची एक दीर्घ यादीच सांगितली. तिच्यात ज्ञानेश्वर, नामदेव, जनाबाई, तुकाराम आणि कबीर आहेत. राम जोशी, होनाजी व पठ्ठे बापूराव हे शाहीर आहेत. मर्ढेकर, बहिणाबाई चौधरी, नामदेव ढसाळ आणि गोडसे भटजी आहेत. त्यांच्याच शेजारी बोदलेअर, काफ्का, ब्रेख्त व नेरुदा. रेक्स स्टाउट व अगाथा ख्रिस्ती हे रहस्यकथाकार. रॉबर्ट जॉन्सन, मडी वॉटर्स व लेडबेली हे ब्लूज गायक. आयझेनस्टाइन व कुरोसावा हे दिग्दर्शक आणि लॉरेल व हार्डी ही विनोदी जोडी येते. बलवंतबुवांचे नावही या यादीत आहे.

या यादीत श्रेष्ठ-कनिष्ठ असा क्रम नाही. जगप्रसिद्ध कवी आणि जवळचा भजनीबुवा, अभिजात चित्रपट आणि लोकप्रिय विनोदपट यांना एकाच ओळीत बसवणे हीच त्यांची भूमिका होती, असे अभ्यासकांचे मत आहे. जाहिरातींतून उपजीविका करणाऱ्या कोलटकरांना बाजारपेठेचे तंत्र आतून माहीत होते. लोकप्रिय माध्यमांची भाषा त्यांनी मोकळेपणाने वापरली. स्वतःची कविता मात्र त्या तंत्राने खपवली नाही. पहिल्या मराठी संग्रहानंतर सुमारे पाव शतक त्यांचा नवा संग्रह आला नाही.

काळा घोडा

काळा घोडा या भागाचे नाव तेथील सातव्या एडवर्डच्या अश्वारूढ पुतळ्यावरून पडले. हा पुतळा १९६५ मध्ये तेथून हलवण्यात आला व भायखळ्याच्या राणीच्या बागेत ठेवण्यात आला. परिसराचे नाव मात्र कायम राहिले. येथील ‘वेसाइड इन’ या उपाहारगृहात कोलटकर अनेक वर्षे नियमित बसत. गुरुवारी दुपारी त्यांचे मित्र तेथे जमत. खिडकीतून दिसणारा तिठा हा पुढे ‘काळा घोडा पोएम्स’ (२००४) या संग्रहाचा विषय झाला. रस्त्यावरचे कुत्रे, सफाई करणाऱ्या स्त्रिया, बटाटे सोलणारे, कुष्ठरोग्यांचे वाद्यपथक आणि सकाळी पदपथावर इडली विकणारी बाई व तिच्याभोवती जमणारे बेघर लोक ही या संग्रहातील पात्रे आहेत. वस्तुसंग्रहालये, कलादालने व ग्रंथालये यांनी वेढलेल्या या परिसराचे खरे रहिवासी कोण, असा प्रश्न हा संग्रह उभा करतो. वेसाइड इन बंद झाल्यानंतर ही बैठक फोर्टमधील मिलिटरी कॅफेत भरू लागली.

अखेरचा काळ

२००३ मध्ये ‘चिरीमिरी’ आणि ‘भिजकी वही’ हे मराठी संग्रह प्रसिद्ध झाले. ‘भिजकी वही’ या बृहत्संग्रहात आयसिस, कॅसांड्रा, हायपेशिया, राबिया, कण्णगी आणि नादेझ्दा अशा पुराणांतील व इतिहासातील स्त्रियांच्या दुःखाची कहाणी आहे. त्यातील ‘किम’ ही व्हिएतनाम युद्धातील नापाम हल्ल्याच्या जगभर छापल्या गेलेल्या छायाचित्रातील मुलगी होय. कर्करोगाने आजारी असताना जुलै २००४ मध्ये त्यांचे ‘काळा घोडा पोएम्स’ आणि ‘सर्पसत्र’ हे इंग्रजी संग्रह प्रकाशित झाले. त्याच वर्षी २५ सप्टेंबर रोजी पुणे येथे त्यांचे निधन झाले.

समीक्षा

‘जेजुरी’तील निवेदकाची दृष्टी पर्यटकाची आहे, असा आक्षेप भालचंद्र नेमाडे यांनी घेतला. याउलट, श्रद्धेच्या चौकटीबाहेर राहूनही वस्तुमात्राकडे आस्थेने पाहणारी ही कविता आहे, असे अनेक समीक्षक मानतात. लेटिशिया झेकिनी (२०१४) आणि अंजली नेर्लेकर (२०१६) यांनी कोलटकरांवर स्वतंत्र इंग्रजी ग्रंथ लिहिले आहेत. दोन भाषांतील त्यांचे लेखन परस्परांपासून वेगळे काढून वाचता येत नाही, यावर नेर्लेकर यांचा भर आहे.

ग्रंथसंपदा

मराठी
* अरुण कोलटकरच्या कविता (१९७७)
* चिरीमिरी (२००३)
* भिजकी वही (२००३)
* द्रोण

इंग्रजी
* जेजुरी (१९७६)
* काळा घोडा पोएम्स (२००४)
* सर्पसत्र (२००४)
* द बोटराइड अँड अदर पोएम्स (२००९, संपादक : अरविंद कृष्ण मेहरोत्रा)
* कलेक्टेड पोएम्स इन इंग्लिश (२०१०, संपादक : अरविंद कृष्ण मेहरोत्रा)