नार्व्याची फेरी आणि जुने गोवेची वाट

मंडळाच्या बैठकीत मी जुने गोवेच्या शवप्रदर्शनाच्या तारखा वाचून दाखवल्या, तेव्हा एका सभासदाने विचारले, "तारखा ठीक आहेत, पण डिचोलीहून माणसं जायची कशी?" उत्तर माझ्या घरातच होते. म्हणून हे टिपण.

डिचोली कायमची पोर्तुगिजांकडे गेली ती १७८१च्या सुमारास, पेडणे १७८८ मध्ये. या नव्या काबिजादीत रहिवाशांच्या धर्माला हात न लावण्याचे धोरण होते, त्यामुळे इथे ख्रिस्ती घरे थोडी. आमचे पूर्वज बार्देशातून आले असे घरात सांगतात. शेजार हिंदू, शाळा मराठी. वडलीमाय, म्हणजे माझी आजी, पंढरीला जाणाऱ्या शेजारणीला म्हणायची, "तुझी वारी आषाढात, माझी डिसेंबरात."

वाट अशी : डिचोलीहून चालत नार्वे, पाणी ओलांडून दिवाडी, बेट आडवे तुडवून दुसरी फेरी, आणि पलीकडे व्हाइसरॉयची कमान. पहाटेच्या अंधारात निघायचे, वाटेत तेर्स म्हणायचा. गंमत बघा, दिवाडीवरचा सप्तकोटेश्वर सोळाव्या शतकात हेच पाणी ओलांडून नार्व्याला आला. १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार केला. देव त्या तीरावरून इकडे आला आणि आम्ही इकडून तिकडे जातो. त्या देवळाकडे वळणारी वाट आली की पप्पा टोपी काढायचे. का, ते मी कधी विचारले नाही.

सेंट फ्रान्सिस झेवियर ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर वारले. शव १५५४ मध्ये गोव्यात आले. १७५९ मध्ये जेझुइटांची हकालपट्टी झाली, तेव्हा त्यांनी जाताना शव बदलले अशी अफवा उठली. ती मोडून काढण्यासाठी १७८२ मध्ये शव लोकांना दाखवले. पुढचे प्रदर्शन थेट १८५९ मध्ये. दर दहा वर्षांचा पायंडा नंतरचा.

१९५२च्या प्रदर्शनाला वडलीमायने सायबाच्या पायांचे चुंबन घेतले होते. नऊ वर्षांच्या पप्पांचा ताप उतरेना म्हणून केलेला तो नवस. तिची बहीण सावंतवाडीकडे दिलेली. तीही पेडण्यावरून आली होती. दोघी बहिणी रांगेत एकत्र उभ्या राहिल्या त्या तेव्हाच. १९५५च्या ऑगस्टात पेडण्यातल्या पत्रादेवीला सत्याग्रहींवर गोळ्या चालल्या, सीमा बंद झाली. १९६१ला गोवा मुक्त होईपर्यंत बहिणींची भेट नाही. १९६४च्या प्रदर्शनाला दोघी पुन्हा गेल्या, तोवर शव काचेच्या पेटीत गेले होते. वडलीमाय हिरमुसून आली. हात लागत नाही तर नवस पोचतो कसा, हा तिचा साधा प्रश्न होता, आणि तो बरीच वर्षे तिला छळत राहिला असावा.

१९७४ला पप्पा आणि तियो (माझे काका) शेताच्या बांधावरून दोन वर्षे बोलत नव्हते. वडलीमायने दोघांना बजावले : चालत यायचे, दोघांनीही. मी सहा वर्षांचा, अर्धी वाट पप्पांच्या खांद्यावर. म्हातारी हुशार. बॅटरी तियोच्या हातात दिली, भाकरीची पिशवी पप्पांच्या. उजेड एकाकडे, खाणे दुसऱ्याकडे; सुटे चालायची सोय नाही. नार्व्यापर्यंत कोणी बोलले नाही. दिवाडीच्या उतारावर पप्पांचा पाय घसरला तेव्हा तियो म्हणाला, "हांगा पळय," आणि बॅटरी त्यांच्या पायांशी धरली. संपूर्ण प्रवासातले त्यांचे संभाषण एवढेच. फेरीत भाकरी मात्र सगळ्यांना मिळाली.

रांगेत कोणी तरी वडलीमायला विचारले, नवस कसला? ती म्हणाली, "बावन्नला मागायला आलेलें. औंदा ह्या दोघांक घेऊन आलंय." त्या वर्षी तिने सायबाकडे काहीही मागितले नाही, असे ती मरेपर्यंत सांगत होती. भांडण मिटले असे म्हणवत नाही, बांध आजही वाकडाच आहे. पण पुढल्या वर्षी नवेनाच्या दिवसांत तियो न बोलावता अंगणात येऊन उभा राहिला, हातात तीच बॅटरी.

शवप्रदर्शनाचा इतिहास लिहिणारे पेटी, चांदी आणि गर्दीचे आकडे लिहितात. ते हवेच. माझ्या मते आमच्या घराची भक्ती मात्र शवापाशी होती ती सरकत सरकत वाटेवर आली. काच आली नसती तर कदाचित आलीही नसती.

२०२४च्या नोव्हेंबरात मुलीला घेऊन गेलो. से कॅथेड्रलमधल्या रांगेत बराच वेळ, पेटीपुढे काही सेकंद. "एवढंच?" ती म्हणाली. परतीच्या फेरीत तिने पेटीविषयी काही विचारले नाही. तियो नेमका कुठे बोलला ती जागा दाखवायला लावली. मला उतार सापडला, जागा नक्की सांगता आली नाही. आता तिथे डांबर आहे.

पेडण्याहून कोलवाळवरून चालत येणाऱ्यांची वाट वेगळी. तिच्याविषयी पेडण्याच्या सभासदांनी लिहावे. मी ती चाललेलो नाही.