चिरूट वळणारांचा पुराणिक

चिरूट ओढणें हें व्यसन आहे आणि तें आरोग्यास घातक आहे, याविषयीं वैद्यकशास्त्रांत आतां दुमत उरलेलें नाहीं. असें असतां चिरुटाच्या दुकानावर मासिकाचीं पानें खर्ची घालण्याचें प्रयोजन काय, असें कोणी सुज्ञ वाचक विचारील. त्यास उत्तर एवढेंच कीं, प्रस्तुत लेखाचा विषय चिरुटाचा धूर नसून चिरूट वळणाऱ्या हातांचा इतिहास हा आहे. आणि त्या इतिहासाचा दरवाजा मात्र दुकानांतूनच उघडतो.

'चिरूट' हा शब्द मूळचा तामीळ. 'सुरुट्टु' म्हणजे वळलेली गुंडाळी. त्रिचनापल्लीच्या चिरुटाची कीर्ति एकोणिसाव्या शतकांत विलायतेपर्यंत गेली होती. शेरलॉक होम्सच्या १८८७ सालच्या पहिल्याच कादंबरींत तो त्रिचनापल्लीच्या चिरुटाची राख ओळखून खुनाचा माग काढतो. तथापि या धंद्याची खरी राजधानी म्हणजे क्यूबा बेटांतील हॅवाना शहर. तेथील एखाद्या जुन्या दुकानांत नवखा मनुष्य शिरला, तर प्रथम तो गोंधळून जातो. पान वाळून कोरडें पडूं नये म्हणून हवा मुद्दाम दमट राखलेली. सुगंधी लाकडाच्या पेट्या छतापर्यंत रचलेल्या. आणि दुकानदार जाडीचें माप सांगतो तें इंचाच्या चौसष्टाव्या भागांत! गडद रंगाचा तो कडक आणि फिकट तो सौम्य, अशी नवख्याची समजूत असते. पण तीहि खरी नव्हे. रंग दिसतो तो वरच्या वेष्टनपानाचा. कडकपणा येतो तो मुख्यतः आंतल्या भरणाच्या पानांतून. आणि या दोहोंच्या मध्यें भरण आवळून धरणारें आणखी एक पान असतें, तें बाहेरून मुळींच दिसत नाहीं.

परंतु या सर्वांपेक्षां त्याचें लक्ष वेधतात तीं पेट्यांवरील नांवें. एकीवर 'रोमियो आणि ज्युलिएट', दुसरीवर 'माँटेक्रिस्टो', तिसरीवर 'सँचो पांझा'. पहिलें नांव शेक्सपियरच्या नाटकांतलें, दुसरें अलेक्झांडर ड्यूमाच्या कादंबरींतलें, तिसरें सर्व्हांटिसच्या डॉन किहोटेच्या सेवकाचें. तंबाखूच्या दुकानांत ही ग्रंथालयाची नामावळी आली कोठून? सँचो पांझाचें नांव बरेंच जुनें आहे. तें स्पॅनिश वाङ्मयाच्या लोकप्रियतेमुळेंच आलें असावें. परंतु १९३५ सालीं निघालेल्या माँटेक्रिस्टोविषयीं असें सांगतात कीं, ड्यूमाची ती कादंबरी कारखान्यांतील कामगारांची अत्यंत आवडती होती, म्हणूनच चिरुटास तें नांव मिळालें. आतां, एकोणिसाव्या शतकांत या कामगारांपैकीं पुष्कळांस साधी अक्षरओळखहि नव्हती. मग फ्रान्समधील कादंबरीशीं त्यांच्या धंद्याचा स्नेह जडला कसा?

याचें उत्तर त्यांच्या कामाच्या स्वरूपांत आहे. एका लांबलचक दालनांत मेजांच्या रांगा. प्रत्येक मेजापाशीं एक कारागीर. हातांत अर्धचंद्राकृति पातें. पान पसरावयाचें, कापावयाचें, वळावयाचें, पुन्हा दुसरें घ्यावयाचें. या कामांत हात गुंततात, डोळे गुंततात; पण यंत्राची घरघर नसल्यामुळें कान मात्र दिवसभर रिकामे राहतात. १८६५ सालीं सातुर्निनो मार्तिनेस नांवाच्या एका चिरूट वळणाऱ्यानेंच कामगारांकरितां 'ला आउरोरा' नांवाचें पत्र काढलें. पण ज्यांना वाचतां येत नाहीं, त्यांना पत्राचा उपयोग काय? त्याच वर्षाच्या अखेरीस हॅवानांतील 'एल फिगारो' कारखान्यांत एक नवी व्यवस्था सुरू झाली. कामगारांपैकीं एकानें काम सोडून मोठ्यानें वाचावें, आणि त्याची बुडालेली मजुरी इतरांनीं आपल्या पदरची वर्गणी काढून भरून द्यावी! पुढें हाच एक स्वतंत्र पेशा झाला. या वाचून दाखविणाऱ्यास स्पॅनिश भाषेंत 'लेक्तोर' म्हणतात.

आपल्या वाचकांस येथें देवळांतील पुराणिकाचें स्मरण होईल, आणि तें योग्यच आहे. उंच आसनावर एकजण बसलेला, समोर श्रोत्यांचा समुदाय, खणखणीत वाणी, आणि निरक्षर माणसाच्या कानांवाटे अंतःकरणांत उतरणारा ग्रंथ, हें सारें दोन्हींकडे सारखेंच. परंतु एक भेद फार महत्त्वाचा आहे. आपल्या पुराणिकाची पोथी परंपरेनें ठरलेली. लेक्तोराचा ग्रंथ मात्र श्रोते मतें देऊन ठरवीत. लेक्तोरहि तेच निवडीत; अगोदर त्याचें वाचन ऐकून त्याची परीक्षा घेत, आणि आठवड्याच्या आठवड्यास त्यास पैसे देत. दिवसाच्या आरंभीं वृत्तपत्रें आणि मागाहून कादंबरी, असा सामान्य क्रम असे. ह्यूगो, झोला, ड्यूमा, सर्व्हांटिस हे अशा रीतीनें त्या दालनांत रोजच्या ओळखीचे झाले.

सत्ताधीशांस हें फार काळ रुचणें शक्य नव्हतें. क्यूबा तेव्हां स्पेनच्या अंमलाखालीं होता. वाचन सुरू होऊन सहा महिनेहि लोटले नसतील, तोंच १८६६ च्या मे महिन्यांत सरकारानें कारखान्यांतील वाचनास बंदी केली. १८६८ सालीं स्पेनविरुद्ध युद्ध पेटलें. त्या धामधुमींत अनेक कारखानदार आणि कारागीर समुद्रापलीकडे फ्लॉरिडांत गेले. व्हिसेंते मार्तिनेस इबोर यानें आपला कारखाना प्रथम की वेस्ट येथें व १८८६ मध्यें टँपा येथें नेला. मातृभूमींत जो वाचक मुका केला होता, तो परदेशांत मोकळ्या कंठानें वाचूं लागला. क्यूबाचा कवि आणि स्वातंत्र्यवीर होसे मार्ती हा १८९१ सालीं टँपांतील चिरूट-कामगारांपुढें बोलावयास उभा राहिला, तेव्हां त्याचे श्रोते अडाणी नव्हते. वर्षानुवर्षें रोज जगाची वार्ता ऐकणारे होते. त्यांनीं आपल्या मजुरींतून स्वातंत्र्याच्या निधीस पैसा पुरविला. १८९५ मध्यें शेवटचें युद्ध सुरू झालें, आणि १८९८ सालीं स्पेनची सत्ता बेटावरून गेली. याचें श्रेय एकट्या लेक्तोरास देणें अतिशयोक्तीचें होईल. परंतु त्याचा वांटा नाकारणें कृतघ्नपणाचें होईल.

पुढें टँपांतहि तोच प्रसंग आला. लेक्तोर क्रांतिकारक मजकूर वाचून मजुरांस बिथरवितात, असा आरोप ठेवून १९३१ च्या अखेरीस कारखानदारांनीं त्यांना काढून टाकलें आणि त्यांचीं व्यासपीठें मोडलीं. मजुरांनीं काम बंद केलें, पण व्यर्थ. लेक्तोराच्या जागीं आकाशवाणीचे यंत्र आलें. वरवर पाहतां यंत्र अधिक बोलकें आणि फुकटचें. पण कोणता ग्रंथ ऐकावयाचा हें आतां श्रोत्यांच्या हातीं राहिलें नाहीं. क्यूबांत मात्र ही प्रथा टिकली, आणि २०१२ सालीं तिला राष्ट्रीय सांस्कृतिक वारशाचा मान मिळाला. १९६० सालीं तेथील धंदा सरकारी झाला असल्यामुळें लेक्तोराचें वेतन आतां सरकारी तिजोरींतून जातें.

आपल्या देशांतहि या कथेचें एक भावंड आहे. केरळांतील कन्नूरच्या विडीकामगारांत एकानें वृत्तपत्र किंवा पुस्तक वाचावें आणि इतरांनीं त्याच्या वांट्याच्या विड्या वळून द्याव्या, अशी रीत होती. क्यूबाप्रमाणेंच तेथेंहि ती कामगार-चळवळीस पोषक ठरली. आमच्या सोलापूर-सिन्नरकडे विड्या वळणाऱ्या बहुसंख्य स्त्रिया. त्यांतील अनेकजणी टेंभुर्णीचें पान आणि तंबाखू घरीं नेऊन, चूल व मुलें सांभाळीत विड्या वळतात. जेथें दालन नाहीं तेथें व्यासपीठ कोठून येणार, आणि एकट्या बाईनें वर्गणी कोणाबरोबर काढावी?

निरक्षर मनुष्यास ग्रंथाची भूक नसते, ही सुशिक्षितांची आवडती समजूत आहे. लोकशिक्षणाच्या योजना आंखतांना तीच आडून डोकावते, आणि गरिबाला प्रथम अन्न द्यावें, विद्येचें मागाहून पाहूं, असें शहाणपण आपण सहज बोलून जातों. हॅवानाच्या कारागिरांनीं असा क्रम लावला नाहीं. ज्या मजुरींतून भाकर घ्यावयाची, तींतूनच त्यांनीं कादंबरीचेंहि मोल दिलें. आणि तें मोल स्वतः देत होते, म्हणूनच काय ऐकावयाचें हें ठरविण्याचा अधिकार त्यांनीं दुसऱ्या कोणास दिला नाहीं.