टोळ, रानमध आणि लोणारचे खारे पाणी

बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर पाहावयास जाणारा प्रवासी काठावर उभा राहिला की प्रथम त्याला त्या विवराची खोली जाणवते. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे वर्तुळ आकाशातून आलेल्या पाषाणाच्या आघाताने काळ्या बेसॉल्ट खडकात कोरले गेले. ते केव्हा, याविषयी शास्त्रज्ञांचे मतभेद आहेत आणि ते थोडेथोडके नाहीत. कोणी पन्नास हजार वर्षे म्हणतात, कोणी पाच लाखांच्या पलीकडे जातात. लोककथेला मात्र असली अडचण नाही. लवणासुर नावाचा दैत्य येथे भुयारात दडून राहत असे, विष्णूने त्याचा वध केला, सरोवराचे पाणी म्हणजे त्याचे रक्त आणि काठी साचणारा खार म्हणजे त्याचे मांस, असे ती सांगते. गावातील दैत्यसूदनाचे मंदिर याच कथेची आठवण आहे.

हा खार शतकानुशतके लोणारचे उत्पन्न होता. अबुल फजलने ‘ऐन-ए-अकबरी’त वऱ्हाडचे वर्णन करताना, मेहकरच्या मुलखातील या जागी काच आणि साबण यांना लागणारे द्रव्य मिळते व त्यापासून सरकारला चांगला महसूल येतो, अशी नोंद केली आहे. उन्हाळ्यात पाणी ओसरले की काठावर उरणाऱ्या खाराला त्याच्या जातीप्रमाणे दल्ला, पापडी, भुसकी अशी नावे होती. १८२३ मध्ये अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने सरोवर पाहिले आणि युरोपला त्याची वार्ता कळली. पाणी इतके क्षारयुक्त की त्यात मासा जगत नाही. म्हणून ‘मेलेले पाणी’ म्हणून त्याची सहज बोळवण होते. परंतु हे पाणी मेलेले नाही. त्याला जो गर्द हिरवा रंग असतो तो सूक्ष्म शैवालाचा, आणि त्या शैवालात ‘स्पिरुलिना’ या नावाने आज औषधांच्या दुकानात गोळ्यांच्या रूपाने विकली जाणारी जात विपुल आहे. तिच्या कोरड्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग प्रथिनांचा असतो. वऱ्हाडाने दुष्काळ कमी पाहिले नाहीत. १८९९-१९०० च्या दुष्काळात तर माणसे पाने व मुळे उकडून खात होती. अशा प्रदेशाच्या मध्यभागी अन्नाने भरलेले एक तळे हिरवेगार उभे होते आणि ते अन्न आहे असे कोणाच्या मनातही येत नव्हते. आम्ही हे दोष देण्यासाठी म्हणत नाही. अन्न म्हणजे काय हे पोट एकटे ठरवीत नाही, एवढेच आम्हांला सुचवायचे आहे.

२०२० साली विदर्भात लागोपाठ दोन चमत्कारिक गोष्टी घडल्या. मे महिन्याच्या अखेरीस मध्य प्रदेशातून टोळांचे थवे अमरावती, वर्धा आणि नागपूर जिल्ह्यांत उतरले. संत्र्याच्या बागांवर ते बसले आणि शेतकरी डबे, थाळ्या बडवीत धावले. मागाहून फवारणीची यंत्रे आणि अग्निशामक गाड्याही आल्या. पुढे पंधरा दिवसांतच, जूनमध्ये, लोणारचे पाणी गुलाबी झाले. लवणासुराचे रक्त पुन्हा वर आले, असे म्हणणारे भेटलेच. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाणी तपासून खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांच्या रंगद्रव्याचा हा परिणाम असल्याचे दाखवून दिले. टाळेबंदीचे ते दिवस होते, हजारो मजूर उपाशीपोटी रस्त्याने चालत होते, आणि शेतात येऊन पडलेल्या टोळांवर विष मारले जात होते. तेच योग्य होते, कारण विष पडलेला टोळ खाणे धोक्याचे. तरी तो टोळ मुळात माणसाचे अन्न आहे हे आपल्या घरांतील किती जणांना आठवले असेल?

खरे तर आपल्याला ते आठवावयास हवे होते. आगमनकाळाच्या दुसऱ्या रविवारी, तीन वर्षांच्या चक्रातील दोन वर्षी, संत मत्तय अथवा संत मार्क यांच्या शुभवर्तमानातून बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा आहार आपण ऐकतो: टोळ आणि रानमध. पुढील बाकांवरची मुले एकमेकांकडे पाहून नाक मुरडतात आणि मोठी माणसे ‘वैराग्याचे प्रतीक’ म्हणून विषय मिटवतात. ही संकोचाची परंपराही जुनी आहे. चौथ्या शतकातील संत एपिफानिउस यांनी एका पंथाच्या शुभवर्तमानाविषयी लिहून ठेवले आहे की, त्यात योहानाच्या ताटातील टोळ काढून तेथे तेलात तळलेली पोळी वाढलेली होती. ग्रीक भाषेत ‘आक्रिस’ म्हणजे टोळ आणि ‘एन्क्रिस’ म्हणजे तशी पोळी. एका अक्षराच्या फेरफाराने संताचे जेवण सभ्य झाले. पुढे युरोपात काहींनी टोळ म्हणजे कॅरोब नावाच्या झाडाच्या शेंगा असा अर्थ लावला. जर्मन भाषेत त्या शेंगांना आजही ‘योहानाची भाकर’ म्हणतात. ज्या लोकांच्या गावात टोळ कोणी खात नव्हते, त्यांना संतानेही तो खाऊ नये असे वाटले.

योहानाच्या देशबांधवांना मात्र त्यात काही नवल नव्हते. लेवीय ग्रंथाच्या अकराव्या अध्यायात, उडी मारण्यासाठी लांब पाय असलेल्या टोळांच्या चार जाती खाण्यास शुद्ध म्हणून स्पष्ट सांगितल्या आहेत. येमेनमधील यहुदी लोकांनी कोणता टोळ शुद्ध याचे ज्ञान विसाव्या शतकापर्यंत पिढ्यान्‌पिढ्या जपले. आणि त्याच अध्यायात, थोडे आधी, पाण्यातील ज्या जीवांना पर आणि खवले नाहीत ते सर्व अशुद्ध ठरविले आहेत. म्हणजे आपली कोलंबी अशुद्ध, करंदी अशुद्ध, जवळाही अशुद्ध! मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे पंगत मांडली तर योहान आपल्या टोळांसह आत बसेल आणि वसईचा आमचा माणूस जवळ्याची वाटी घेऊन बाहेर उभा राहील.

प्राणिशास्त्रही येथे आपली बाजू घेत नाही. कोलंबी आणि टोळ दोघांनाही सांधेदार पाय, दोघांचेही कवच कायटिनचे. गेल्या काही दशकांतील अभ्यासाने तर कीटक हे कवचधारी जलचरांच्याच वंशातून निघालेली शाखा आहेत असे दाखविले आहे. (म्हणूनच ज्यांच्या अंगावर कोलंबीने पित्त उठते त्यांनी टोळही टाळावा, असे वैद्य सांगतात.) प्रायश्चित्तकाळातील शुक्रवारी मांस वर्ज्य करून आपण ज्या जवळ्याची चटणी भाकरीवर घेतो, तो टोळाचा नातलगच आहे. या नात्याची आपल्याला लाज वाटण्याचे कारण नाही. आणि त्या जवळ्यावरून आपण काय काय सोसले आहे! मुंबईच्या चाळीत वा सोसायटीत सुकी मासळी भाजली की शेजारचे दार धाडकन लागल्याचा अनुभव आपल्यापैकी कित्येक घरांच्या पदरी आहे. ‘तुमचे खाणे’ हे दोन शब्द कसे उच्चारले जातात ते आपण ओळखतो.

म्हणूनच आम्हांला महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाकडे वाचकांना न्यावेसे वाटते. गडचिरोली जिल्ह्यातील भामरागडकडे माडिया लोक झाडावर पाने शिवून घरटे करणाऱ्या लाल मुंग्या अंड्यांसह गोळा करतात आणि मीठ-मिरचीबरोबर वाटून त्यांची चटणी करतात. मुंगीच्या अंगातील फॉर्मिक आम्लामुळे ती चटणी चिंचेसारखी आंबट लागते. शेजारच्या बस्तरमध्ये ती आठवडी बाजारात पानावर विकावयास येते. पहिल्या पावसानंतर वारुळातून बाहेर पडणारी पंखवाली वाळवीही देशातील अनेक आदिवासी जमातींत आवडीने भाजून खाल्ली जाते. तिच्यात चरबी भरपूर, आणि ती येते नेमकी त्या दिवसांत जेव्हा घरातील धान्य संपत आलेले असते. ईशान्येकडे आसामात एरी रेशमाचा धागा काढल्यानंतर उरलेले कोष कोणी फेकत नाही, ते पक्वान्न समजले जाते. या सर्वांना शहरी माणूस एका शब्दात ‘किडे खाणारे’ म्हणून मोकळा होतो. मधमाशीने पोटात साठवून परत ओकलेला मध मात्र तोच माणूस देवघरात ठेवतो, आणि लाखेच्या किड्याचा स्राव गोळ्या-चॉकलेटांवर चकाकी म्हणून खातो. आश्रमशाळेत नवा आलेला मुलगा घरी काय जेवतो हे सांगताना पहिल्यांदा हसू ऐकतो आणि दुसऱ्या वेळी खोटे सांगतो. पोषणाचा प्रश्न येथे केवळ पोषणाचा राहत नाही.

२०१३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने खाद्य कीटकांवर मोठा अहवाल प्रसिद्ध केला. जगात सुमारे दोनशे कोटी लोकांच्या आहारात कीटक आहेत आणि १९०० हून अधिक जाती खाल्ल्या जातात, असा त्यात अंदाज आहे. एक किलो वजन वाढावयास गाईगुरांना आठ किलो चारा लागतो, तर कीटकांना दोन किलो पुरतो, हा त्यातला हिशेब पुष्कळांनी उचलून धरला. मग युरोपात रातकिड्यांचे पीठ पाकिटातून विकू लागले. ओडिशातील मयूरभंजच्या लाल मुंग्यांच्या चटणीला जानेवारी २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पाकिस्तानातील ओकारा जिल्ह्यात २०२० मध्ये फवारणी न करता रात्री झाडांवर बसलेले टोळ जाळ्यांनी गोळा करून कोंबड्यांच्या खाद्यासाठी विकण्याचा प्रयोग झाला आणि गावकऱ्यांना त्यातून चांगली मजुरी मिळाली. आमच्या वाचकांनी उद्यापासून टोळ खावेत असे आमचे म्हणणे नाही. आम्ही स्वतः खाल्लेला नाही, आणि समोर आला तर हात पुढे होईल की नाही याची खात्रीही देत नाही. पण साहेबाने पाकिटात घातल्यावर जे ‘भविष्याचे अन्न’ ठरते ते भामरागडच्या पानावर असताना रानटीपणा का ठरत होते, हा प्रश्न आपण स्वतःला विचारावयास हवा.

योप्पा येथे दुपारी प्रार्थनेसाठी धाब्यावर गेलेल्या संत पेत्राला भूक लागली असता चार कोपऱ्यांनी सोडलेली चादर दिसली. तिच्यात चतुष्पाद, सरपटणारे जीव, पाखरे, सारे होते. ‘नाही’ असे पेत्राने तीनदा म्हटले. त्याला त्या चादरीचा अर्थ कळला तो मात्र जेवणाच्या वेळी नव्हे, तर दोन दिवसांनी कर्नेल्य नावाच्या परक्या माणसाच्या उंबरठ्यावर.

असा उंबरठा ओलांडलेल्या एका धर्मगुरूची येथे आठवण होते. त्यांची गोष्ट पुन्हा आपल्याला खाऱ्या तळ्याकाठीच आणते. फ्रान्सिस्कन संघाचे बर्नार्दिनो दे साहागून १५२९ मध्ये मेक्सिकोला पोहोचले. आपल्या फादर स्टीफन्स यांनी पुढे १६१६ मध्ये ‘ख्रिस्तपुराण’ मराठीत दिले, तशीच साहागून यांनी तेथील नाहुआ लोकांची भाषा आत्मसात केली आणि गावोगावच्या वृद्धांना विचारून त्यांच्या जीवनाचा बारा भागांचा ग्रंथ सिद्ध केला. मेक्सिको शहराजवळील तेश्कोको सरोवर लोणारसारखेच खारे, सोडायुक्त. तेथील लोक पाण्यावरचे निळे-हिरवे शैवाल जाळ्याने गोळा करून त्याच्या वड्या वाळवीत. पाण्यात वल्ह्यासारखे पाय मारणारे बारीक किडे लव्हाळ्यांवर अंडी घालीत. लव्हाळ्यांच्या पेंढ्या मुद्दाम पाण्यात उभ्या करून मागाहून ती अंडी झाडून, वाळवून, दळून खाल्ली जात. त्यांचे नाव ‘आवाउत्ली’. साहागून यांनी हे अन्न धान्य आणि फळे यांच्याइतक्याच गांभीर्याने नोंदविले. कॅलिफोर्नियातील मोनो या तशाच खाऱ्या सरोवराकाठचे कुत्झादिका लोक क्षारमाशीचे कोष वाळवून हिवाळ्याची बेगमी करीत. लोणारला शैवाल होते, खार होता, महसूलही होता, पण असे खाणारे कोणी झाले नाही.

आता ते होणेही नको. लोणार अभयारण्य आहे, नोव्हेंबर २०२० मध्ये ते रामसर यादीत आले आणि तेथील पाण्याला माणसाचा हात जितका कमी लागेल तितके बरे. तेश्कोकोचे नशीब तसे नव्हते. स्पॅनिश राजवटीने १६०७ पासून त्या खोऱ्याचे पाणी बाहेर काढावयास सुरुवात केली आणि आज मूळ सरोवराचा थोडाच भाग ओला राहिला आहे. तरीही त्याच्या काठावरची मोजकी कुटुंबे अजून लव्हाळ्यांच्या पेंढ्या पाण्यात रोवतात. त्या अंड्यांच्या पिठात कोंबडीचे अंडे फेटून थापलेल्या वड्या तेथील कॅथोलिक घरांत पवित्र सप्ताहात, मांस वर्ज्य असलेल्या दिवसांत, तळल्या जातात.